माकडहाडाचं फ्रॅक्चर जुळलं म्हणतात, मग वर्षभर दुखतंय काय?

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचक होते, आज स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतेय.

गेल्या वर्षी जिन्यावरून पाय सटकला आणि थेट बुडावर आपटले. एक्स-रेमध्ये माकडहाडाला फ्रॅक्चर निघालं. इथे प्लास्टर घालता येत नाही, दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळेल, तोवर मधे भोक असलेली गोल उशी घेऊन बसा, असं सांगून गोळ्या दिल्या. नंतरच्या एक्स-रेत हाड जुळल्याचं दिसलं. आता वर्ष उलटलं, दुखणं जागच्या जागी आहे.

बसल्यावर सुरुवातीला काही नसतं. मग दोन नितंबांच्या मधे, बोटाचं टोक ठेवता येईल एवढ्याच जागेत ठणका सुरू होतो. पण खरा जीव जातो तो उठताना. आधी टेबलाची कड धरायची, पुढे वाकायचं, भार मांड्यांवर घ्यायचा आणि दात आवळून उभं राहायचं. त्या क्षणाला अशी सणक जाते की मीटिंग संपल्यावर सगळे उठले तरी मी कागद चाळत असल्याचं नाटक करते, खोली रिकामी होऊ देते आणि मग उठते. उभी राहिले की थोड्या वेळात ओसरतं. चालताना, झोपल्यावर काहीच नाही.

कमरेचा एमआरआय नॉर्मल आला. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता दुखायला नको. घरचे तोंडाने बोलत नाहीत पण मी बाऊ करतेय असा चेहरा असतो. कुणाला असा अनुभव आहे का? इंजेक्शनचा उपयोग होतो का? माकडहाड काढूनच टाकतात असंही वाचलं, ते खरं का?

चांदणचुरा

अगदी अगदी! बाऊ वगैरे काही नाही गं. मला बाळंतपणात झालं होतं हे. प्रसूतीच्या वेळी माकडहाडावर ताण येऊन ते सरकतं किंवा मोडतं, हे मलाही तेव्हाच कळलं. बाळाला पाजायला बसायचं म्हणजे शिक्षा वाटायची. माझं सात-आठ महिन्यांनी गेलं, पण तुझ्यासारखं उठताना इतकं नव्हतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

आगाऊ बोका

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण ज्याने केली त्याचं माकडहाड नक्की मोडलेलं असणार.

विनोद बाजूला ठेवून एक विचारतो. कमरेच्या एमआरआयमध्ये माकडहाड दिसतं का? माझ्या भावाच्या फिल्मा आम्ही घरी उजेडात धरून बघितल्या तर चित्र त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, मधेच संपलं होतं. दुखत होतं त्याच्या खाली चार बोटं.

सांधेवाला

बोकोबांनी विनोदात नेमकं बोट ठेवलंय. मी अस्थिरोगाच्या क्षेत्रात काम करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, तपासल्याशिवाय करूही नये, पण धाग्यात ज्या गोष्टी निसटल्यासारख्या वाटतात त्या सांगतो.

कमरेचा एमआरआय हा कमरेच्या मणक्यांसाठी काढतात. त्यात माकडहाड बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहतं. तेव्हा "एमआरआय नॉर्मल" याचा अर्थ कमरेचे मणके नॉर्मल. माकडहाडाबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नाही. चिठ्ठीवर "त्रिकास्थी आणि माकडहाड" असं स्वच्छ लिहून घ्यावं लागतं.

दुसरं, आणि माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं: उठताना येणारी कळ. ती नुसती तक्रार नाही, तो पुरावा आहे. माकडहाड म्हणजे तीन ते पाच छोट्या मणक्यांची साखळी. काहींचे सगळे जोड एकजीव झालेले असतात, काहींच्यात एखाद-दुसरा जोड हलता राहतो. आपण बसतो तेव्हा भार मुख्यतः दोन बैठकीच्या हाडांवर असतो, मागे रेललो की तो माकडहाडावर यायला लागतो. ते थोडं पुढे वळतं आणि उठलं की जागेवर येतं. ज्यांचे जोड हलते असतात त्यांच्यात एवढं हलणं स्वाभाविकच. मार लागल्यावर जोडाच्या आसपासचे अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधणारे चिवट पट्टे) सैल झाले असतील तर हे हलणं प्रमाणाबाहेर जातं, किंवा बसल्यावर खालचा तुकडा चक्क मागे निसटतो आणि उभं राहताना पुन्हा बसतो. उठतानाची सणक अनेकदा त्या पुन्हा बसण्याची असते.

आता झोपवून काढलेल्या एक्स-रेत हे दिसणार कसं? झोपल्यावर तुमचं दुखतच नाही. हाड जुळलं असेल, डॉक्टर खोटं बोलत नाहीत. पण जुळलेलं हाड आणि स्थिर जोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यासाठी उभ्याने आणि बसून असे दोन एक्स-रे बाजूने काढतात. पॅरिसचे डॉ. झाँ-ईव्ह मेन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. आधी थोडा वेळ उभं राहायचं, कारण नुकतंच बसून उठलेल्या माणसाचं हाड पूर्ण जागेवर आलेलं नसू शकतं. उभ्याने एक फिल्म काढायची. मग टणक स्टुलावर बसून, दुखायला लागेल इतकं मागे रेलायचं आणि त्याच अवस्थेत दुसरी. दोन्हीतली त्रिकास्थी एकावर एक जुळवली की माकडहाड किती फिरलं ते मोजता येतं. साधारण २५ अंशांपेक्षा जास्त पुढे वळत असेल तर अतिचल, म्हणजे प्रमाणाबाहेर हलणारं, धरतात. बसून एक्स-रे काढताना एक्स-रेवाले आरामात नीट बसवतात, तेव्हा सांगा की मला दुखेल असं बसायचंय.

पारिजातक

सांधेवाला, हे वाचून खरंच डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात उठताना दुखतं हे मी प्रत्येकाला सांगितलंय, कुणी पुढे प्रश्न विचारला नाही. माझ्या जुन्या रिपोर्टमध्ये "माकडहाड पुढच्या बाजूला वळलेले" असंही लिहिलंय. ते फ्रॅक्चरमुळे का?

सांधेवाला

त्यावरून काहीच ठरत नाही. माकडहाडाची वळणं नाकासारखी, ज्याची त्याची वेगळी. १९८३ मध्ये पोस्ताकिनी आणि मास्सोब्रिओ या इटालियन डॉक्टरांनी त्याचे चार प्रकार मांडले: हलकं वळण, जास्त वळण, एकदम काटकोनात मोडल्यासारखं, आणि जोडातून सरकलेलं. जास्त वळणदार प्रकारांत दुखणं अधिक आढळतं हे खरं, पण आयुष्यभर काटकोनी माकडहाड घेऊन सुखाने बसणारी माणसंही आहेत. वळण पडण्याच्या आधीपासूनच असू शकतं. म्हणून तर हलतं कसं ते बघायचं.

हणमंतराव

एवढं कशाला करत बसता. रात्री कोमट तेल जिरवा, कुणाकडून तरी जोर लावून चोळून घ्या, हाड बसतं जागेवर. आमच्याकडे सगळ्यांना हाच उपाय.

मृदगंध

हणमंतकाका, राग मानू नका, पण जोर लावून चोळणं इथे अजिबात नको. बाहेरून चोळून हे हाड बसत नाही, कारण ते ओढणारे स्नायू आतल्या बाजूला आहेत. कोमट शेक घ्या, त्याला ना नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. माकडहाड दिसायला शेपटीचा उरलासुरला तुकडा, पण त्याला बरंच काही बांधलेलं आहे. नितंबाचा मोठा स्नायू, गुदद्वाराभोवतीचे आणि लघवी-शौच धरून ठेवणारे स्नायू, अस्थिबंध. वर्षभर दुखण्याच्या भीतीने माणूस नकळत हे सगळं आवळून धरतो. पारिजातक, तू लिहिलंयस ना, दात आवळून उठते? दात आवळले की खालीही आवळलं जातं, लक्ष देऊन बघ. मग आवळलेले स्नायू माकडहाड आणखी पुढे ओढतात आणि मूळ इजा शांत झाली तरी दुखणं चालूच राहतं.

यात एक गोष्ट फार चुकीची होते. ओटीपोटाचे स्नायू म्हटलं की बायकांना सर्रास कीगल व्यायाम (हे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे) सांगतात. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला शिकवायचं! माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी कीगल करून दुखणं वाढवून आलेल्या असतात. इथे आधी सोडायला शिकायचं असतं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्यायचा आणि श्वास घेताना खालचा भाग खाली सैल पसरतोय याकडे लक्ष द्यायचं. काही जणींना बालासन चालतं. पुढे आधार धरून उकिडवं बसणंही, गुडघे धड असतील तर.

हाताने करायचे उपचार आतून असतात, गुदद्वारातून. हातमोजा आणि वंगण घालून एक बोट, आणि प्रत्येक पायरीला तुमची परवानगी. सोबत बाई मदतनीस मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि कधीही "थांबा" म्हणता येतं. हे आधी न सांगता कुणी सुरू केलं तर उठून निघून यायचं.

रानवारा

वाचनखूण साठवली. उशीबद्दल कुणी लिहाल का? मीही ती गोल भोकाचीच वापरतो, दुकानात दुसरी मिळालीच नाही. उलट जास्तच दुखतं असं वाटतं.

एकांडा

उशीवर मी बोलणार. सहा प्रकारच्या उशा घरात पडून आहेत आणि त्या सगळ्यांवर माझी पीएचडी झालीये.

गोल रिंग ही मुळव्याधीच्या त्रासाची उशी. त्यात बसलं की कडेचा दाब गोल फिरून येतो आणि मागची कड नेमकी माकडहाडाच्या खालीच येते, वरून मधला भाग ताणला जातो तो वेगळाच. आपल्याला हवी ती पाचरीसारखी उशी, मागे उंच आणि पुढे उतरती, आणि मागच्या कडेला मधोमध कापलेली खाच. खाच बंद भोक नको, मागून उघडी हवी. मागे उंच असल्याने आपोआप पुढे झुकून बसलं जातं.

फोम कडक घ्या. मऊ फोममध्ये दहा मिनिटांत बूड खाली रुततं आणि खाच असून नसल्यासारखी. तपासायची पद्धत: उशीवर बसा आणि मागून खाचेत हात घाला. बोटं मोकळी फिरली पाहिजेत. नाही फिरली तर उशी फुकट. मी शेवटी कडक फोमचा तुकडा घेऊन खाच घरीच पातीने कापली, तीच सगळ्यात चांगली निघाली.

गाडीची सीट हा खरा शत्रू. बहुतेक सीटा मागे उतरत्या असतात, गुडघे वर आणि कंबर खाली, म्हणजे सगळा भार मागे. पाठ सरळ करायची, सीट जमेल तेवढी उचलायची आणि उशी मागच्या बाजूने भरून काढायची.

अवांतर: उशी घेऊन मीटिंगला जायची लाज पहिल्या आठवड्यात मरते.

मोरपीस

उशीशिवाय आणखी एक म्हणजे पोट साफ असणं. शौचाला जोर लावला की थेट त्याच जागी ताण येतो. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारख्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांनी बद्धकोष्ठता होते आणि मग चक्र सुरू. पाणी, तंतुमय खाणं, लागलं तर डॉक्टरांना विचारून मल मऊ करणारं औषध. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घेतला तर कमी जोर लागतो.

पारिजातक

अरे बापरे, या गोळ्या मला सुरुवातीला दिल्या होत्या आणि तेव्हाच सगळ्यात जास्त दुखायचं! एकांडा, तुम्ही शस्त्रक्रिया केली आहे का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.

एकांडा

हो, काढून टाकलंय. पण आधीच सांगतो, माझ्या अनुभवावरून कुणी उडी मारू नका.

माझं फ्रॅक्चर अपघातातलं. एक्स-रेत खालचा तुकडा बसल्यावर मागे सरकतोय हे स्पष्ट दिसत होतं. गोळ्या, उशी, फिजिओ, इंजेक्शनं असं सगळं झाल्यावर शस्त्रक्रिया. त्यानंतर बरेच आठवडे बसणं जवळजवळ नाही. कुशीवर झोपायचं, उभ्याने जेवायचं, पोटावर पडून लॅपटॉप. जखम गुदद्वाराच्या इतकी जवळ असते की संसर्गाची भीती हीच मोठी. प्रत्येक वेळी शौचानंतर धुणं, कोरडं करणं, ड्रेसिंग बघणं. मला एका टोकाला टाका उघडा पडून पू झाला होता, अँटिबायोटिक वाढवावी लागली. शल्यविशारदाने आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला. फरक लगेच पडत नाही. पहिले तीन-चार महिने मला वाटत होतं पैसे आणि हाड दोन्ही वाया गेलं. नंतर हळूहळू सुधारलं, वर्षाच्या आसपास बऱ्यापैकी. आज लांबच्या प्रवासात थोडं जाणवतं, बाकी काही नाही.

आकडेच हवे असतील तर १९९१ मध्ये एका ब्रिटिश अस्थिरोग नियतकालिकात १२० रुग्णांचा अभ्यास आला होता. नुसत्या इंजेक्शनने साधारण ६० टक्के लोकांना गुण आला, भूल देऊन हाताने हाड हलवणं आणि इंजेक्शन दोन्ही मिळून सुमारे ८५ टक्के. जवळपास २० टक्के लोकांना शस्त्रक्रिया लागली आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त सुधारले. त्याच अभ्यासात फिजिओचा फारसा उपयोग नाही असंही लिहिलं होतं. मृदगंध ताई, क्षमस्व :)

मृदगंध

क्षमा कसली, तो अभ्यास आम्हाला तोंडपाठ आहे, दर वेळी तोंडावर मारला जातो म्हणून. त्यात फिजिओ म्हणून काय दिलं होतं ते वाचा. अल्ट्रासाउंड आणि शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे यंत्राने शेक. आतल्या स्नायूंना कुणी हातही लावला नव्हता. यंत्राच्या शेकाचा उपयोग होत नाही, याच्याशी मी शंभर टक्के सहमत.

पण माझ्या बाजूचंही फुगवून सांगत नाही. डॉ. मेन यांनीच २००६ मध्ये हाताने करायच्या उपचारांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. महिनाभराने चांगला फरक पडलेले ३६ टक्के, खोट्या यंत्रोपचाराच्या गटात २० टक्के. सहा महिन्यांनी २२ विरुद्ध १२. म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. ज्यांचं दुखणं ताजं होतं आणि माराने झालं होतं त्यांना जास्त गुण आला. जोड मागे निसटत असेल तर नुसत्या हाताने तो थांबेल असं मी कुणाला सांगत नाही. मात्र इंजेक्शन घेतलं आणि आवळण्याची सवय तशीच राहिली, तर दुखणं परत यायला वेळ लागत नाही, हे रोज बघते.

शेंडेफळ

माझा प्रश्न थोडा वेगळा. आई सत्तरीच्या पुढे आहे, उभ्याउभ्या बसकन पडली आणि माकडहाड मोडलं. हेच उपाय का?

सांधेवाला

उशी, पोट साफ ठेवणं वगैरे तेच. पण त्या वयात उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर ते हाड ठिसूळ आहे का हे बघितल्याशिवाय सोडू नका. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. माकडहाडाबरोबर त्रिकास्थीलाही बारीक तडा असू शकतो, तो साध्या एक्स-रेत निसटू शकतो. आणि त्या पडल्या का, चक्कर, नजर, औषधं, याचाही शोध घ्या. पुढचं पडणं खुब्यावर होऊ नये.

सगळ्यांसाठीच एक. पडल्याचा इतिहास आहे म्हणून सगळं फ्रॅक्चरच्या माथी मारू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, त्या जागी गाठ किंवा पू, यातलं काही असेल तर एमआरआय लवकर. आणि बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर वाट बघू नका, त्याच दिवशी तातडीच्या विभागात.

रानवारा

इंजेक्शन नक्की कुठे देतात? ऐकूनच घाम फुटतो.

सांधेवाला

दोन-तीन वेगळी इंजेक्शनं आहेत आणि लोक सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, म्हणून एकाला गुण आला आणि दुसऱ्याला नाही असं होतं.

एक, जो जोड दुखतोय त्याच्यात किंवा भोवती बधिरतेचं औषध आणि स्टेरॉइड. उभ्या-बसल्या एक्स-रेत कुठला जोड हलतो ते कळलेलं असेल तर हे नेम धरून देता येतं. म्हणून आधी एक्स-रे, मग सुई.

दुसरं, गँग्लियन इम्पार ब्लॉक. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंच्या साखळ्या अगदी शेवटी एकत्र येतात, माकडहाडाच्या पुढच्या बाजूला, मधोमध एकच गाठ. जुनाट, जळजळणाऱ्या दुखण्यात तिथे औषध देतात. सुई बहुधा त्रिकास्थी आणि माकडहाडाच्या जोडातून मागून पुढे नेतात. लगेच पुढे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आहे, त्यामुळे हे अंदाजाने टोचायचं काम नाही. एक्स-रेच्या पडद्यावर बघत, आधी एक्स-रेत दिसणारं थोडं द्रव्य सोडून ते स्वल्पविरामाच्या आकारात नीट पसरलंय ना हे पाहूनच औषध देतात. याने तात्पुरता पण चांगला आराम पडत असेल तर काही ठिकाणी तिथेच रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे रेडिओलहरींनी त्या मज्जातंतूंचं काम मंदावण्याचा, पर्याय देतात.

स्टेरॉइडची इंजेक्शनं वरचेवर घेत राहू नयेत. त्वचा पातळ होते, खालची चरबी झिजते, आणि या जागी चरबीची गादी गेली तर बसणं आणखी अवघड. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही.

शस्त्रक्रियेचं एकांडा यांनी नीट सांगितलंच. कुणाला जास्त फायदा होतो, तर ज्यांच्या एक्स-रेत निसटणं किंवा जास्त हलणं स्पष्ट दिसतं आणि इंजेक्शनने काही काळ तरी बरं वाटलेलं असतं. दुखणं कंबर-मांड्या-पोट असं पसरलेलं आहे आणि चित्रात काही सापडत नाही, अशा माणसाचं हाड काढून दुखणं जाईलच याची खात्री देता येत नाही. मी तरी अशा वेळी घाई करू देत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी ती सोडावी, जखम भरायला फार फरक पडतो.

मोरपीस

आणि वजन? माझ्या डॉक्टरांनी पहिलं वाक्य तेच टाकलं, "वजन कमी करा". दुखतंय एका जागी, बोलतात भलतंच.

सांधेवाला

बोलण्याची पद्धत चुकली असेल, मुद्दा अगदीच भलता नाही. वजन जास्त असेल तर बसताना कटिभाग (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) मागे कमी फिरतो, माकडहाडाचं टोक मागे उघडं राहतं आणि बसताना थेट त्यावर दाब येतो. मागे निसटणारे जोड अशा लोकांत जास्त दिसतात. उलट फार बारीक माणसांत, किंवा भराभर वजन उतरलेल्यांत, खालची गादी कमी होऊन टोकाला असलेला बारीक हाडाचा कंगोरा टोचतो. तेव्हा हे दोन्ही बाजूंनी आहे. पण वजन उतरेपर्यंत उपचार थांबवून ठेवणं मला पटत नाही.

पारिजातक

मंडळी, अपडेट. धागा छापून नेला होता (हसू नका). नव्या डॉक्टरांनी आधी बोटाने दाबून नेमकी जागा शोधली, आतून तपासलं आणि उभ्याने-बसून एक्स-रे लिहून दिले. एक्स-रेवाल्याला समजावायलाच वेळ गेला, तो सारखा "ताई, सरळ बसा" म्हणत होता. मी म्हटलं, सरळ बसले तर दुखत नाही, मला दुखवूनच काढा!

निघालं ते असं: फ्रॅक्चर जुळलेलं आहे, पण त्याच्या वरचा जोड बसल्यावर मागे सरकतो. दोन फिल्मा शेजारी ठेवल्या तेव्हा मला, कुठलंही शिक्षण नसताना, फरक दिसला. नवऱ्याला दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या सीटसाठी फोम कापून आणला.

आता त्याच जोडात इंजेक्शन ठरलंय, सोबत ओटीपोटाच्या स्नायूंचं फिजिओ. शस्त्रक्रियेचं नाव इतक्यात नको असं त्यांचंही मत आणि माझंही. ऑफिसात उभ्याने काम करायचं टेबल मागितलंय. इंजेक्शनच्या दिवशी काय काळजी घ्यायची?

चांदणचुरा

वा! निदान कशामुळे दुखतंय ते तरी कळलं. नवऱ्याला माझ्यातर्फे एक शाबासकी.

एकांडा

उभ्याचं टेबल मिळालं तरी दिवसभर उभी राहू नकोस, पोटऱ्या आणि कंबर धरते. थोडं उभं, थोडं बसणं, अधूनमधून चालणं. सायकल, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम आणि टणक जमिनीवर बसणं सध्या बंद. चालणं आणि पोहणं चालेल.

सांधेवाला

जाताना सोबत कुणीतरी न्या, परतताना गाडी तुम्ही चालवू नका. पाय थोडा वेळ जड वाटू शकतो.

एक काम मात्र आवर्जून करा. बहुतेक लोक इंजेक्शन घेऊन घरी येतात आणि आडवे होतात. बधिरतेचं औषध काही तासच टिकतं आणि नेमकी त्याच वेळात जागा बरोबर होती का याची परीक्षा होते. तेव्हा घरी आल्यावर जिथे हमखास दुखतं त्याच खुर्चीत बसा, उशी न घेता, नेहमीइतका वेळ. मग उठा. उठताना किती दुखलं ते दहापैकी आकड्यात वेळेसकट लिहा, दर तासाने एकदा, रात्रीपर्यंत. ते काही तास दुखणं जवळजवळ गेलं आणि रात्री परत आलं, तर घाबरू नका, तो जोडच दोषी आहे हे सिद्ध झालं. स्टेरॉइडचा परिणाम त्यानंतर काही दिवसांनी सुरू होतो. आणि बधिर असतानाही तितकंच दुखलं तर तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे पुढची सुई त्याच जागी न देता दुसरीकडे शोधता येईल. ताप आला किंवा टोचल्या जागी लाली वाढत गेली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

पारिजातक

वही काढून ठेवली. दुखणारी खुर्चीही ठरली आहे, जेवणाच्या टेबलाची.